धरलं तर चावतं

दसरा सरला की हुपरीत केर धुवायचे दिवस येतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. केर काढायचा असतो, टाकायचा असतो, धुवायचा कसा? पण माझं माहेर हुपरीचं, घरातच पैंजणांचं काम, आणि ज्या घरात दिवसभर चांदी घासली जाते तिथं केर टाकणं म्हणजे लक्ष्मीला हाताला धरून बाहेर काढणं. वर्षभर जमिनीवरची धूळ एका डब्यात साठते. कामावरून उठताना हातपाय परातीत धुवायचे आणि ते पाणीही ओतायचं नाही, गाळ बसू द्यायचा. बसायची पोती फाटली की जाळायची आणि राख त्याच डब्यात टाकायची. मग दिवाळीच्या तोंडावर झारेकरी येतात, ती सगळी माती धुतात, आटवतात आणि चांदीचा एक लहानसा गोळा हातावर ठेवतात. आमच्या घरात ही केराची चांदी बाईची. आधी आईची होती, आता वहिनीची. तिचं तिनं काय करायचं ते घरात कुणी विचारत नाही.

यंदाही ते दिवस आले. चांदी इतकी महाग झालीय की हुपरीतल्या निम्म्या घरांत हातोडीचा आवाज थंडावलाय, कारण माल घ्यायलाच पैसा पुरत नाही. आणि नेमकं त्याच वेळी फोनातलं ते नाणंही, क्रिप्टो म्हणतात ते, वर गेलंय. कोल्हापुरात कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पोरं प्रिंट काढायला येतात आणि मशीन गरम होईतो भाव बघत उभी राहतात. हिरवी रेघ, लाल रेघ. काल एकानं विचारलं, "काकी, तुम्ही घेतलंय का?" मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी काढायच्या का एका?" तो समजला की बाईला ह्यातलं काही कळत नाही. समजू दे.

कळत नाही हे खरंच आहे, पण त्या रेघा मी एक अख्खा हंगाम बघितल्या आहेत. लॉकडाउन उठून माणसं पुन्हा रस्त्यावर आली होती, अजून निम्म्यांच्या तोंडाला मास्क होता, त्या वर्षीचा हंगाम. अजूनही कुणाच्या फोनवर ती हिरवी रेघ दिसली की मी मान फिरवते, आणि लाल दिसली की जरा बरं वाटतं. हे चांगलं लक्षण नाही, मला माहीत आहे.

मी मूळची संशयी. आमच्या घराण्यालाच ती खोड आहे. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात कुणी चांदीची वस्तू दिली की ते आधी नमस्कार करायचे नाहीत, आधी ती उलटी करून बघायचे. माझ्या लग्नात सासरकडून आलेली जोडवी त्यांनी मांडवातच नखानं खरवडून बघितली आणि मग मान हलवली. सासूबाईंनी हे मला पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं. चांदीच्या धंद्यात विश्वास हा शब्द नाही, टंच हा शब्द आहे. लगडीचा, म्हणजे चांदीच्या विटेचा, एक कण कापायचा, तो तपासायचा, किती शुद्ध ते काढायचं, याला टंच काढणं म्हणतात. कण चांगला निघाला की लगड चांगली. मग ती दहा वर्षं कपाटात ठेवा, तिचा टंच बदलत नाही. ह्या एका गोष्टीवर आमचा सगळा गाव उभा आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुनंदा. दादा पुढच्या खोलीत साखळ्या ओढतो, वहिनी मागं घुंगरांचं झाळकाम करते. एकेक घुंगरू साखळीला ज्योतीनं जोडायचं, खाली मान घालून. ज्योतीला वारा चालत नाही. वारा आला की ती हलते आणि जोड फसतो, म्हणून दारं-खिडक्या बंद. पण त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत कपडे वाळत घातलेले आणि त्याच खोलीत तो धूर. वहिनी पोळ्या लाटायची आणि झाळायची, झाळायची आणि खोकायची. तिला परसात एक स्वतंत्र खोली हवी होती. उंचावर झरोका, त्यात धूर ओढणारा पंखा, आणि खाली ज्योत हलणार नाही अशी जागा. एवढंच. दादा दरवर्षी "पुढच्या वर्षी बांधू" म्हणायचा आणि वहिनी दरवर्षी केराची चांदी एका लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवायची. पण चिंधीतला गोळा जेवढा वाढायचा त्याच्या पुढं विटा-सिमेंटचा भाव पळायचा.

म्हणून एकदा मी माहेरी गेले असताना तिनं मला मागच्या दारी बोलावलं. "वन्सं, तुमचं कबनूरचं भावजी ते फोनातलं नाणं घेत्यात न्हवं? वाढतंय म्हणं."

कबनूरचा म्हणजे महादू, माझा मावसभाऊ. त्याचे चार यंत्रमाग लॉकडाउनमध्ये बंद पडले, तेव्हा रिकाम्या हातात फोन आला आणि फोनात हे नाणं. तेव्हापासून तो घरातल्या लग्नाकार्यात दुसरं काही बोलायचा नाही.

"वाढतंय खरं," मी म्हटलं, "पण उतरतंही."

"चांदीबी उतरतीया की. म्हणून काय आपण फेकून देतोय व्हय?" मग हात पुसत, "दिसतं कसं ते?"

"दिसत नाही."

"मग टंच कसा काढायचा?"

"काढता येत नाही."

"मग घेणारा घेतोय कशावरनं?"

"दुसरा घेतोय म्हणून."

तिनं विचार केला. "म्हंजे लग्नातल्या साड्यागत," ती म्हणाली, आणि चिंधी माझ्या पिशवीत टाकली. "तुमच्या नावावर घ्या. तुमचं बाबा शिक्षण हाय."

एवढी संशयी बाई ह्यात पडली कशी, असं कुणी विचारलं तर उत्तर असं की मी संशय घेऊनच पडले. आधी थोडंसंच घेतलं. चार दिवसांनी ते विकून पैसे परत बँकेत येतात का बघितलं. आले, वर चिमूटभर जास्तच आले. माझ्या हिशेबी टंच निघाला. मग वहिनीची सगळी चांदी सराफाकडं मोडून नाण्यात घातली. आता कळतं की ही चूक हुपरीच्याच माणसाला करता येईल. कण तपासला आणि लगडीवर विश्वास ठेवला. चांदीचा कण लगडीबद्दल खरं सांगतो. ह्या नाण्याचा कण फक्त त्या चार दिवसांबद्दल बोलला होता.

मग ते वाढायला लागलं. काय वाढलं म्हणून सांगू. सकाळी दुकान उघडून देवाला उदबत्ती लावायच्या आधी मी फोन बघायची. दिवाळीला तर असा भाव आला की वहिनीची खोली, झरोका, पंखा, वर गिलावा, सगळं निघालं असतं. गवंडी कार्तिकात रिकामा होता. विकायचा दिवस कुठला असेल तर तो होता, हे आता शेंबडं पोरही सांगेल.

पण तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐका. मी विकायला बोट पुढं केलं आणि विचार आला, हे आत्ता घेतंय कोण? हुपरीत घेणारा समोर बसतो. त्याचे डोळे दिसतात, तो ओठ चावतो का, चहा घाईनं पितो का, त्यावरून आबा ओळखायचे की ह्याला गरज किती आहे. इथं घेणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. एवढ्या चढ्या भावानं तो माझं नाणं घेतोय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे. मला ठाऊक नसलेलं. मग मी बोट मागं घेतलं. संशयानं माणूस वाचतो असं आमच्याकडं म्हणतात. मला त्यानं विकू दिलं नाही.

शिवाय सल्ले होतेच. फोनवर कोण कोण येऊन "मित्रांनो" म्हणून सुरू करायचे. एकाच्या मागं लाल गाडी उभी असायची. मला वाटायचं, गाडी भाड्याची आहे, दार उघडून आत बसत का नाही हा? जो "घ्या" म्हणायचा त्याला विकायचं असणार, जो "विका" म्हणायचा त्याला स्वस्तात घ्यायचं असणार. आणि महादूचा तर रोज फोन. "आक्का, धरून बस. हलू नको. आत्ता कुठं सुरुवात हाय." मला त्याचाही संशय यायचा. मी ॲपवर खातं उघडलं तेव्हा ओळख करून दिल्याबद्दल त्याला काहीतरी बक्षीस मिळालं होतं, हे मला नंतर कळलं होतं. किरकोळच होतं, पण त्यानं ते सांगितलं नव्हतं. जो लहान गोष्ट झाकतो तो मोठी का नाही झाकणार?

वहिनीला मी फोनवर म्हटलं, "थोडं थांबू. फरशीचंही निघेल."

ती म्हणाली, "तुम्हास्नी कळतंय."

मग थंडी आली आणि भाव घसरायला लागला. हळूहळू, दिवसातून दोन-तीनदा वर तोंड काढत. गवंडी दुसऱ्या कामावर गेला. मी वहिनीला सांगितलं, "काळजी करू नका, माल हातात आहे." हे वाक्य मी शोधलेलं नाही. हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. चांदी पडली की गावात सगळे हेच म्हणतात, माल हातात हाय की, भीती कसली. आणि खरंच, माल हातात असतो. कपाट उघडलं की पांढराशुभ्र बसलेला असतो. मी रोज सकाळी फोन उघडून बघायची. हातात फक्त फोन असायचा.

सरकारनं नाण्याच्या नफ्यावर जबर कर लावला तेव्हा दुकानातली पोरं शिव्या घालत होती. मला मात्र जरा हायसं वाटलं. कर लावलाय म्हणजे ते आहे, सरकार नसलेल्या गोष्टीवर कर कसा लावील? असं स्वतःला समजावण्यापर्यंत माझी मजल गेली. बुडणारा काडीला धरतो म्हणतात, मी कराला धरलं.

हुपरीला जायचं मी टाळायला लागले. एकदा हळदीकुंकवाला जावंच लागलं. मागची खोली बंद, बाहेर गारठा, आत निळसर धूर. वहिनी झाळत होती. एक घुंगरू जोडायचं, मान फिरवून खोकायचं, पुन्हा दुसरं. तोंडाला ओला फडका बांधला होता. ती म्हणाली, डॉक्टर म्हणाले धूर टाळा. "टाळतोय की. ह्यो बघा फडका." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, गड्यासारख्या, येतो-जातो-करतो. एरवी मला त्यात गंमत वाटते. त्या दिवशी वाटली नाही. ती मला नाण्याच्या भावाबद्दल काही विचारेल म्हणून मी तयारी करून गेले होते. तिनं विचारलंच नाही. तिळगूळ दिला, बसपर्यंत सोडायला आली. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो मी महादूवर काढायचं ठरवलं.

माझी खात्री होती की त्यानं दिवाळीतच गुपचूप विकलंय आणि मला बसवून ठेवलंय. सरळ कबनूर गाठलं. शेडमध्ये चारातले दोन माग पुन्हा सुरू झाले होते, त्यांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. चोरून विचारायची गोष्ट मला ओरडून विचारावी लागली. "महादू, खरं सांग. तू विकलंस का?" कामगारांनी वळून बघितलं. त्यानं मला अंगणात ओढलं. दारात नवा फ्रिज दिसत होता. मी फ्रिजकडं बघितलं, त्यानं मला बघताना बघितलं.

"त्यो बायकोच्या भिशीचा हाय," तो म्हणाला. मग फोन काढून माझ्यासमोर धरला. "बघ. एक नाणं इकलं असलं तर तुझ्या पायातलं घे आन् मला मार."

मी बघितलं. त्यानं आमच्या कितीतरी पट घातलं होतं आणि सगळं तसंच होतं, रक्तासारखं लाल.

"मग मला रोज धर, धर का म्हणतोस?"

"तुला कुठं म्हणतोय आक्का? मी मलाच सांगतोय. दुसऱ्याला सांगितलं की जरा जोर येतोय." त्यानं फोन खिशात ठेवला. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तूच सांग, काय करू?"

त्याची बायको चहा घेऊन आली. मी तो मुकाट्यानं प्याले. परत येताना बसमध्ये मला वाटलं, महादू लबाड निघाला असता तर फार बरं झालं असतं. लबाडाचं काय करायचं ते मला आबांनी शिकवलंय. तो सांगेल त्याच्या उलटं करायचं, विषय संपला. हा प्रामाणिक निघाला. प्रामाणिक माणसाच्या चुकीवर इलाज माझ्याजवळ नव्हता.

उन्हाळ्यात दुसरंच कुठलंसं एक नाणं दोन-चार दिवसांत मातीमोल झालं. आमचं नव्हतं, पण आमच्यालाही हिसका बसला. त्याच आठवड्यात वहिनी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी. एकटी. ती हुपरीहून एकटी कधी आली नव्हती. घामानं थबथबली होती. मी पाणी दिलं, तिनं ते एका दमात पिऊन पेला खाली ठेवला.

"वन्सं, इका."

"आत्ता? वहिनी, तळाला आहे. आत्ता विकलं तर तुमच्या चांदीएवढंही येणार नाही. जरा वर जाऊ दे."

"जाईल की. जाऊ दे वर."

"मग?"

"गवंडी आलाय. पावसाच्या आत भिंती उठवतो म्हणतोय."

माझा संशय लगेच जागा झाला. हिला कुणी शिकवलं? दादाला कळलं का? शेजारपाजारच्यांनी कान भरले का? मी तसं विचारलंही.  दुकानात दोन पोरं उभी होती, मशीन चालू होतं.

"कोण शिकवायला लागतंय ह्यात?" ती म्हणाली. "नाणं मला कवा पायजे हुतं? मला खोली पायजे हुती."

मी तिथंच काउंटरवर फोन ठेवला आणि विकलं. घेणारा कोण, त्याला काय ठाऊक, हे विचार ह्या वेळी आले नाहीत, कारण वहिनी मशीनच्या आवाजात तोंडाला पदर लावून खोकत होती आणि एक पोरगा तिला आपली पाण्याची बाटली देत होता.

आलेल्या पैशात भिंती झाल्या आणि वर पत्रा पडला. गिलावा राहिला, फरशीचं नाव नाही. पंखा दादानं आणला, न बोलता. आता मला कुणी म्हणेल, बघा, केवढं नुकसान झालं. दुसरा म्हणेल, आजपर्यंत धरलं असतं तर बंगला झाला असता. दोघंही खरंच बोलतील. महादूनं धरलंच आहे अजून. त्याचा लाल रंग जाऊन केव्हाच हिरवा झालाय, चारी माग नवे घेता येतील एवढा, आणि परवा त्याचा फोन आला, "आक्का, आता इकू का?" मी म्हटलं, "तुला पाहिजे काय ते आधी सांग." त्यानं त्या दिवसाचा भाव वाचून दाखवला. मग म्हणाला, "आजून थोडं बघू." त्याच्या शेडमध्ये जुनेच माग खडखडतात. मला त्याच्याबद्दल भीती वाटते.

आणि चांदी? वहिनीनं तो गोळा चिंधीतच ठेवला असता तरी आज त्यातून गिलाव्यासकट खोली झाली असती. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. हुपरीत ते सांगायची गरजही नाही, तिथं प्रत्येकाला हा हिशेब येतो. वहिनीलाही येत असणार. पण भावाचा हिशेब मला आता तितका टोचत नाही. टोचते ती त्या वर्षीची थंडी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत मी एक आकडा धरून बसले होते आणि ती धूर धरून बसली होती.

गेल्या आठवड्यात केर धुवायच्या दिवशी हुपरीला गेले. परसात झारेकरी माती घोळत होते, दादा त्यांच्याशी गप्पा मारत होता. मी वहिनीच्या खोलीत जाऊन बसले. वर झरोक्यात पंखा फिरत होता, धूर सरळ वर जात होता, ज्योत जागची हलत नव्हती. बिनगिलाव्याच्या विटांवर तिनं देवीचा फोटो लावलाय. तिनं यंदाच्या घुंगरांचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, माझ्या दुकानाचं विचारलं. तास-दीड तास आम्ही बोललो. ती एकदाही खोकली नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर आले.

परातीपाशी वाकले आणि झरोक्यातून आवाज आला. खोकला. तासभर दाबून ठेवलेला, एकामागून एक, श्वास घ्यायला सवड न देणारा. परसातल्या कुणी मान वर केली नाही. त्यांना तो रोजचा असावा. मी हात पाण्यात तसेच ठेवून तो थांबेपर्यंत वाकून राहिले.

आत गेले तेव्हा वहिनीची मान खाली होती, हातात नवं घुंगरू होतं.

"ठसका लागला का?" मी विचारलं.

"न्हाय की," ती म्हणाली, आणि ज्योत पुढं ओढली.

जन्मभर मी प्रत्येक गोष्ट खरवडून बघितली. ही नाही बघितली. तिच्या शेजारी पोत्यावर बसले आणि घुंगरं मोजून तिच्या हातात देऊ लागले.